मामा तलावाचे तीन हिवाळे

आधी एक कबुली देऊन टाकतो. मी एकवीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवतोय आणि गेल्या दिवाळीपर्यंत माझी अगदी प्रामाणिक समजूत होती की हिवाळ्यात मासे चिखलात तोंड खुपसून झोपतात. ही माहिती मला कुठून मिळाली ते आठवत नाही. कोणी विचारलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. रविवारच्या बाजारात मासा मिळत होता, कापून पिशवीत येत होता, रस्सा होत होता. त्याच्या पलीकडचा मासा मला माहीतच नव्हता.

आता मात्र मला थांबवू नका. गेले चार महिने मी घरी, स्टाफरूममध्ये, भंडारा रोडच्या प्लॅटफॉर्मवर, भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. बायको म्हणते, "पन्नाशीनंतर लोक देवाला लागतात, तुम्ही मासोळीला लागले. देवाला लागले असते तर निदान हाताला वास तरी आला नसता."

सुरुवात झाली ती एका फोनने, पहाटे सव्वाचारला. त्या वेळी वाजणारा फोन म्हणजे छातीत धस्सच होतं. उठून पाहतो तर स्क्रीनवर भाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, अमेरिकेत मिनेसोटात नोकरीला असतो. त्याच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाचे संध्याकाळचे पावणेपाच. मागे सगळं पांढरंफटक, नाक लालबुंद, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"मामा, मी तलावावर उभा आहे!"

"काठावर?"

"काठावर नाही, तलावावर! हे बघ!" आणि त्याने फोन खाली वळवला. बर्फात एक गोल भोक, आमच्या घरच्या दुधाच्या गंजाच्या तोंडाएवढं. भोकात काळंशार पाणी. वर हातभर लांबीची, खेळण्यातली वाटावी अशी काठी आणि तिच्या टोकाला दोरा.

आमच्या झाडीपट्टीत मामा भाच्याच्या पाया पडतो, ही रीत आहे. भाचा पाळण्यात असला तरी पडतो. त्यामुळे पहाटे सव्वाचारला त्याच्यावर ओरडताही आलं नाही. ऐकत बसलो, आणि ऐकता ऐकता झोप उडाली.

तो सांगत होता की बर्फ चार इंच जाड झाला की त्यावर माणसाने चालायचं, त्याआधी नाही. भोक गिरमिटाने पाडायचं. आणि संध्याकाळीच यायचं, कारण तिथला वॉलआय नावाचा मासा अंधारून आलं की खातो. मांजरासारखे चमकणारे डोळे असतात त्याचे, अंधुक उजेडात त्याला भक्ष्य दिसतं, भक्ष्याला तो दिसत नाही. पण खरी गंमत पुढेच होती. त्याचा शेजारी, साठ वर्षं बर्फावर बसलेला म्हातारा, त्याला म्हणाला होता की आत्ता पहिला बर्फ आहे तोवर मार मासे. जानेवारीत तू इथेच बसशील, हाच गळ असेल, हाच मासा खाली असेल आणि ढुंकून बघणार नाही. मग फेब्रुवारी सरता सरता पुन्हा येईल.

"पण मामा, बर्फाखाली हिवाळा तोच ना? मग मासा बदलतो कशाला? तू सायन्सवाला. सांग."

मी लगेच सुरू केलं. पाण्याचे असंगत आचरण. होपचे उपकरण, वर एक तापमापी, खाली एक, मधे गोठणमिश्रण. पाणी ४ अंशांना सर्वांत जड, म्हणून ते तळाशी बसतं, बर्फ हलका म्हणून वर तरंगतो, आणि म्हणूनच थंड प्रदेशात जलचर जिवंत राहतात. पाठ आहे मला. परीक्षेत तीन गुणांना येतं.

"ते ठीक आहे," भाचा म्हणाला. "जिवंत राहतो. पण करतो काय?"

मी गप्प. आणि मग त्याने अगदी सहज विचारलं, "आपल्या तलावातले मासे थंडीत काय करतात रे मामा?"

एकवीस वर्षं! एकवीस वर्षं मी फळ्यावर गोठलेलं तळं काढत होतो, त्यात दोन-तीन मासे पोहताना दाखवत होतो, आणि घरापासून स्कूटरने वीस मिनिटांवर असलेल्या तलावातला मासा पौषात कुठे असतो ते मला ठाऊक नव्हतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. मुंबई–हावडा लाइनवर रात्री उतरलेला पाहुणा 'भंडारा कुठाय?' म्हणून ऑटोवाल्याशी वाद घालतो, हे आमचं नेहमीचं करमणुकीचं साधन. सनफ्लॅगच्या चिमण्यांमुळे लोक वरठीला पोलादाचं गाव समजतात. पण मोहाडीच्या बाजूला थोडं निघालात की धानाच्या बांध्या लागतात, आणि बांध्या आहेत तिथे वर कुठेतरी तलाव किंवा निदान बोडी असणारच. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. नवेगावबांधचा अवाढव्य तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, तसे लहानमोठे तलाव गावोगाव. पुढे ते मालगुजारांकडे आले, १९५० नंतर मालगुजारी गेली, आणि सरकारी कागदावर त्यांचं नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. त्याचा झाला 'मामा तलाव'. तेव्हा भाच्याने विचारलेला प्रश्न मामाने मामा तलावावर जाऊन सोडवावा, हे ठरल्यासारखंच होतं.

तलावात मासेमारीचा हक्क ढिवरांच्या सहकारी संस्थेचा. उगाच जाऊन गळ टाकता येत नाही. संस्थेचे एक जुने सभासद आहेत, त्यांची नात माझ्या वर्गात होती. मी त्यांना काका म्हणतो, ते मला गुरुजी. त्यांना जाऊन म्हटलं, काका, मला मासे नकोत, मला बघायचं आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हॉटेलात जाऊन 'जेवण नको, वास घेऊ द्या' म्हटलं होतं. पण हो म्हणाले. अट एकच, तलावाचं नाव कुठे छापायचं नाही. नाही छापत.

पहिली सकाळ कार्तिकातली. अहो, काय सांगू! तलाव काठोकाठ. अर्ध्या पाण्यावर शिंगाड्याच्या वेलांची चादर, त्यात काकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आणि आणखी दोघी डोंग्यात बसून वेल उलटे करून शिंगाडे तोडत होत्या. स्टेशनबाहेर उकडून काळे झालेले जे शिंगाडे आपण खातो ना, ते हेच. वेलांच्या कडेला पाणी नुसतं उकळल्यासारखं हलत होतं. बारीक मासे टिपटिप वर येत होते, मधेच मोठं कोणीतरी घुसलं की सगळी टिपटिप एकदम बंद, मग पुन्हा सुरू. काकांनी बांबूची काठी हातात दिली, थर्माकोलच्या तुकड्याचं तरंगणं, गळाला गांडूळ. मी टाकला. थर्माकोल पाण्यावर धड बसलाही नसेल, गडप! काठी वाकली, माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो शिक्षकाला शोभणारा नव्हता. वीतभर रोहू. काका म्हणाले, "सोडा त्याले, लेकरू आहे." सोडला. पुन्हा टाकला. पुन्हा गडप.

तासाभरात अकरा वेळा गळ लागला. मला वाटलं मला येतं. मासेमारी म्हणजे फारसं काही नसतं, असंही मी त्या रात्री भाच्याला ऐकवलं. देव बहुतेक ऐकत होता.

कारण पुढे मार्गशीर्ष सरला, पौष लागला, आणि मी सलग तीन रविवार रिकाम्या हाताने परत आलो. तीन! तोच तलाव, तीच काठी, तेच गांडूळ, तीच पहाट. धुकं इतकं की समोरची पाळ दिसत नव्हती. रेल्वेलाइनवरून मालगाडी गेली की नुसता आवाज यायचा, मैलभर लांब असून कानाशी असल्यासारखा. आमच्याकडे थंडी खोटी नसते. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, आणि गोंदिया तर बऱ्याचदा विदर्भात सगळ्यात गारठतं. त्या दोघांच्या मधे आम्ही. मी मफलर, मोजे, वर बायकोची शाल असा जामानिमा करून बसायचो आणि थर्माकोलकडे बघत राहायचो. तोही माझ्याकडे बघत राहायचा.

शिंगाड्याचे वेल एव्हाना काढून झाले होते, उरलेले कुजून तपकिरी पडले होते. त्या टिपटिपीचा मागमूस नाही. तलाव सपाट, आरशासारखा, मेलेला.

तिसऱ्या रविवारी काका साडेअकराला आले. आरामात, बिडी ओढत.

"काहून गा गुरुजी, येवढ्या सकारी येता?"

"मासे सकाळी खातात ना?"

"कार्तिकात खात होते. आता पानी गरम झाल्यावर या, बारा-एक वाजता. आन् इथं नोका बसू. थे तिकडं, दगडापाशी."

माझ्यातला मास्तर जागा झाला. पाणी गरम झाल्यावर म्हणजे किती? कुठलं पाणी? वरचं की खालचं? दुसऱ्या दिवशी मी एक उद्योग केला. काचेची बाटली घेतली, तिला खाली दगड बांधला, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. बाटली हव्या त्या खोलीवर सोडायची, मग बुचाची दोरी ओढायची, बूच निघालं की त्या खोलीचंच पाणी आत भरतं. वर ओढून पटकन तापमापी घालायची. पोरांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे, खर्च शून्य. काकांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "गुरुजी, पानी मोजता का दारू मोजता?"

पण आकडे बघा! कार्तिकात सकाळी काठाशी मला २३ अंश मिळाले होते. आता पौषात सकाळी सहाला काठाच्या उथळ पाण्यात १६, खोलात १८. म्हणजे उथळ पाणी रात्रीतून भराभर थंड झालेलं, खोल पाण्याने थोडी ऊब धरून ठेवलेली. आणि दुपारी दोनला? उथळ पाणी २२, खोल अजून १८! नेमकं उलटं. पाळीच्या दगडांवर हात ठेवला तर दगड पोळत नव्हते पण अंगण तापावं तसे कोमट होते, आणि त्यांच्या पायाशी, दोन हात पाण्यात, मासे. स्पष्ट दिसत होते. काळ्या पाठी, एका रांगेत, उन्हाकडे अंग करून, आमच्या गल्लीतले म्हातारे सकाळच्या उन्हात भिंतीला टेकून बसतात अगदी तसे.

मी पाळीवर उभा राहून मोठ्याने हसलो. मासा कुठेही गेला नव्हता. झोपलाही नव्हता. सकाळी खोलात, दुपारी काठाला, सूर्य कलला की परत खोलात. रोज! मी पहाटे पाचला उठून ज्या उथळ पाण्यात गळ टाकत होतो, तिथे त्या वेळी मासा येणं म्हणजे मी पहाटे पाचला उघड्या अंगाने गच्चीवर जाऊन बसण्यासारखं होतं.

माशाला स्वतःची ऊब नसते, पाण्याची असेल तीच त्याची. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा सगळा कारभार साधारण निम्म्यावर येतो. पचन मंद, हालचाल मंद, श्वास मंद. सकाळी खाल्लेलं दुपारपर्यंत पचत नाही, मग दुसरं खाणार कशाला? शेततळ्यात रोहू-कटला पाळणारे लोक थंडीत खाद्य कमी करतात ते याच कारणाने. नाहीतर ते तळाशी पडून सडतं. काकांनी हे एका वाक्यात मिटवलं होतं, "मासोरी झोपत नाही गुरुजी, तिची भूक झोपते." मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं तर म्हणाले, हे काय लिहायची गोष्ट आहे?

आता मरळीबद्दल सांगतो. ती माझी लाडकी. मरळ हवेवर जगते. नुसत्या कल्ल्यांनी तिचं भागत नाही. डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिथे ती हवा भरते. वर आलीच नाही तर पाण्यात असूनही गुदमरून मरेल. म्हणून ती ठरावीक वेळाने वर येते, तोंड पाण्याबाहेर काढते, एक घोट हवा गिळते आणि खाली जाते. आवाज येतो. 'पुच'. ओलं बोट बाटलीतून काढल्यासारखा. एकदा कानाला सवय झाली की शंभर आवाजांतून ओळखू येतो.

मी मोजायला बसलो. घड्याळ लावून, एकाच कोपऱ्यात, दहा दहा मिनिटं. कार्तिकात आठ-नऊ वेळा पुच झालं होतं, ते वहीत होतं. पौषात त्याच कोपऱ्यात दोनदा. एकदा तर पूर्ण दहा मिनिटांत एकदाही नाही आणि मी उठायला लागलो तेवढ्यात हातभर अंतरावर, अगदी सावकाश, ती आली. सापासारखं चपटं डोकं, त्यावर मोठाले खवले, डोळा माझ्याकडे. कार्तिकातली मरळ घाईघाईने पुच करून शेपटी मारून जाते. ही आली, हवा घेतली, आणि तशीच थोडा वेळ उन्हात राहिली. मग मागे सरकल्यासारखी बुडाली. पाण्यावर एक लहानसा बुडबुडा उरला. मी किती वेळ श्वास रोखून धरला होता कोण जाणे.

पुच कमी का झालं, हे घरी येऊन वाचलं आणि पुन्हा उडालो. दोन कारणं, दोन्ही एकाच दिशेने ढकलणारी. एक, शरीर मंद, म्हणून प्राणवायूची गरज कमी. दोन, थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो! ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम मावत असेल तर २० अंशांना नऊच्या वर आणि शून्याला चौदाच्याही वर. म्हणजे पौषात पाण्यातच मुबलक आहे, वर येण्याची निकड नाही.

त्याच रात्री मी भाच्याला फोन केला, मुद्दाम माझ्या सोयीच्या वेळी. तोही वैतागलेला होता. त्याचा जानेवारी चालू होता, चार दिवसांत एक मासा. मी आकडे सांगितले, तो त्याचे सांगत गेला, आणि बोलता बोलता आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की आपण एकाच गोष्टीच्या दोन बाजू धरून बसलोय.

त्याच्याकडे पहिला बर्फ धरतो तेव्हा तळाची वनस्पती अजून हिरवी असते. बर्फातून उजेड जातो, वनस्पती प्राणवायू सोडतात, बारीक जीव तिथेच, म्हणून मासा काठाजवळच्या उथळात. आमच्याकडे कार्तिकातले शिंगाड्याचे वेल, तसंच. मग बर्फ जाड होतो, त्यावर हिम साचतं, उजेड बंद. वनस्पती मरतात, कुजतात, कुजताना प्राणवायू खातात. वरून हवा मिळायची सोय नाही, झाकण बंद! मासा उथळ सोडून खोलाकडे सरकतो, तळाचं पाणी ४ अंशांचं, तेवढीच ऊब. फार खोल नसलेल्या तळ्यात तर बर्फ निघेपर्यंत प्राणवायू संपून मासे मरतात. भर थंडीत, गुदमरून! आमच्याकडे थंडी म्हणजे श्वासाची चैन आणि गुदमरणं वैशाखात, पाणी तापून डबकं उरतं तेव्हा. त्यांचा जानेवारी म्हणजे आमचा मे. हे मला इतकं सुंदर वाटलं की दुसऱ्या दिवशी दहावीच्या तासाला मी होपचं उपकरण सोडून पंचवीस मिनिटं याच्यावरच बोललो. मागच्या बाकावरचा एक पोट्टा, जो वर्षभर खिडकीबाहेर बघतो, तो म्हणाला, "सर, मरळ सकाळी पाळीच्या बुडाशी असते, मले माहीत आहे." ढिवराचा मुलगा. त्याला होप कोण हे माहीत नाही. मला मरळ कुठे हे माहीत नव्हतं. आता आमची चांगली गट्टी आहे.

आणि बर्बॉट! हा भाच्याने सांगितलेला मासा मी विसरूच शकत नाही. सगळे सुस्तावलेले असताना, ऐन मध्य-हिवाळ्यात, बर्फाखाली, अंधारात हा अंडी घालतो. सगळ्या गावाची झोप आणि याच्या घरी वाजंत्री.

बरं, पौषात आम्हा दोघांना मासे मिळायला लागले ते एकाच युक्तीने. आमिष लहान करायचं. काकांनी मला कणकेची गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी करायला लावली, आणि थर्माकोल इतका बारीक कापला की दिसायला चष्मा लागावा. कारण कार्तिकातला मासा आमिष घेऊन पळतो, पौषातला तोंडात घेतो आणि तिथेच थांबतो. थर्माकोल बुडत नाही. किंचित तिरका होतो, जणू वाऱ्याने. तेवढीच खूण. तिकडे भाच्याच्या हातभर काठीच्या टोकाला तारेची नाजूक स्प्रिंग असते, ती केसभर वाकते. तो बर्फावर स्प्रिंगकडे टक लावून, मी पाळीवर थर्माकोलकडे. दोन वाजता, पाठीवर ऊन, पहिला तिरका थर्माकोल मी ओळखला आणि ओढला तेव्हा निघालेला मृगल मोठा नव्हता. पण कार्तिकातल्या त्या अकरांपेक्षा मला तो एकच जास्त आवडला.

तिसरा हिवाळा माघात आला, आणि तोही काकांना आधी कळला. पाणी खाली गेलं होतं, पाळीच्या दगडांवर ओल्या रेघा एकाखाली एक उमटल्या होत्या, खाली उन्हाळी धानाला पाणी सुटलं होतं. सकाळचं पाणी २१. काका म्हणाले, "आज ऐका." ऐकलं. मधल्या पाण्यात धप्प! कटला उसळला होता. मग आणखी एक. वरच्या थरातला सूक्ष्म जीव खाणारा मासा, पाणी ऊब धरायला लागल्याबरोबर वर आला. मरळीचं पुच दहा मिनिटांत पाच. पाणकावळे, जे पौषात नुसते पंख पसरून बसायचे, ते पुन्हा बुड्या मारू लागले. आठवड्याभरात तलाव जागा झाला, आणि मी तिथे होतो, वही घेऊन!

संस्थेचं महाजाळ लागलं त्या दिवशी मी रजा टाकली. कारण 'घरगुती' लिहिलं. दहा-बारा माणसं छातीभर पाण्यात, जाळ्याची दोन टोकं दोन्हीकडून ओढत, गोल लहान करत आणत होती. शेवटच्या दोन मीटरमध्ये पाणी दिसतच नाही, नुसती चांदी. काकू काठावर टोपल्या मांडून बसल्या होत्या. हात इतका चालत होता की मला नजरेने पकडता येईना. रोहू इकडे, कटला तिकडे, मांगूर वेगळा, मरळ पाणी घातलेल्या घमेल्यात जिवंतच, कारण जिवंत मरळीला भाव वेगळा. बारकी मासोळी शेवटी, घरच्यासाठी. एका मरळीच्या अंगावर लाल चट्टा होता. काकूंनी ती बाजूला टाकली. हा थंडीचा रोग. मासा सुस्त झाला की त्याची रोगाशी लढायची ताकदही सुस्त होते, आणि बुरशीसारखा एक जीव कातडीत शिरतो. १९८८ साली हा रोग भारतात पहिल्यांदा मोठा पसरला, आणि मरळीला तो जास्त छळतो. पौषातल्या त्या दोन पुचांमागे हेही होतं तर. उन्हात जरा जास्त थांबलेली ती मरळ मला आठवली.

जाळ्यातले बहुतेक मासे बाहेरून बीज आणून सोडलेले. गावठी मासोळी कमी झाली, असं काकू म्हणाल्या. काठाला बेशरमाची झुडपं माजली, पाण्यातलं गवत गेलं, मग अंडी घालायला जागा कुठे? भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढिवरांना बरोबर घेऊन भंडारा आणि गोंदिया या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या तलावांत बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावतात, आणि त्यामागे मासेमारांचंच जुनं ज्ञान आहे, हे मी आधी वर्तमानपत्रात वाचून सोडून दिलं होतं. आता काकूंच्या टोपलीपाशी उकिडवं बसून कळलं. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या माधव चितमपल्लींनी 'मत्स्यकोश' लिहिला, तो मी आता मागवलाय. पक्ष्यांचं त्यांचं सगळं माझ्याकडे होतं, माशांचं नव्हतं. बघा म्हणजे!

भाच्याचा बर्फ मार्चमध्ये काठाला सुटला. वॉलआयचा हंगाम तिकडे फेब्रुवारी अखेरीस कायद्यानेच बंद होतो, पण पर्च काठाकडे परतले होते. वितळलेलं पाणी भोकांतून खाली जातं, उजेड वाढतो, मासा उथळाकडे येतो, अगदी म्हाताऱ्याने सांगितलं होतं तसं. शेवटच्या दिवशी त्याने मला बर्फावरचं त्याचं भोक दाखवलं, कडा पातळ होऊन काळपट पडलेल्या. मी त्याला आमचा तलाव दाखवला. काठापासून वीस पावलं आत गेलेलं पाणी, मधे भेगा पडायला लागलेला चिखल.

परवा काका मला त्या चिखलातून चालत तलावाच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. तिथे एक कोरडा नाला येऊन मिळतो. नाल्यात नुसते दगड आणि बाभळीच्या शेंगा.

"गुरुजी, मृग लागल्यावर या. पहिल्या पुरात इथून मासोरी वर चढते. आन् थ्या गवतात मरळ जोडीनं राहते, अंडी राखत. पिल्लं लालभडक असतात, गोळ्यानं फिरतात."

घरी आल्याबरोबर मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जूनचं पान उलटलं आणि आठ तारखेला लाल पेनाने गोल केला.

बायकोने स्वयंपाकघरातून पाहिलं. "काय आहे त्या दिवशी?"

"लग्न आहे एक."

"कोणाकडचं?"

"मरळीकडचं."

तिने झारा हातात तसाच धरून माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, आणि मग म्हणाली, "आहेर काय न्यायचा, गांडूळ?"